डंप बघायलाही परवानगी? मेनफ्रेमची टूल्स कर्मचाऱ्यांच्या हातून का काढली जातायत

पहाटे ४:५०ला फोन वाजला. मी गाडगेनगरला आईबाबांकडे होतो, वर्क फ्रॉम होम चालू होतं आणि त्या आठवड्याचा ऑन-कॉल माझ्याकडे होता. युरोपातल्या एका क्लायंटचा रात्रीचा बॅच जॉब मध्येच पडला होता. एरर ओळखीची, सॉक-सेव्हन. मेनफ्रेमवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, त्याचं नोकरीचं पहिलं वर्ष सॉक-सेव्हन निस्तरण्यात गेलेलं असतं. प्रोग्रामला बेरजेसाठी आकडा हवा असतो, त्या जागी कोरी जागा किंवा भलतंच अक्षर येतं, आणि प्रोग्राम तिथेच मान टाकतो.

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. कोणत्या रेकॉर्डने घोळ घातला ते डंपमध्ये बघायचं, ते बाजूला काढायचं आणि जॉब परत लावायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम. अडचण एवढीच होती की डंप उघडायचं टूल माझ्या आयडीवरून दोन महिन्यांपूर्वी काढून घेतलं होतं. आता आधी तिकीट टाकायचं, मग क्लायंटकडचा एक माणूस मंजुरी देणार, मग दोन तासांपुरता ॲक्सेस मिळणार. तिकडे मध्यरात्र होती आणि तो माणूस झोपला होता.

मी चॅटवर चिडचिड करत असताना दुसऱ्या टीममधला अकोल्याचा एक मित्र जागा होता. त्याचा जुना ॲक्सेस काढायचा राहून गेला होता. त्याने लिहिलं, "माह्या आयडीनं घुस ना बे, कोनाले काय समजते!"

त्या पहाटे मी त्याचा आयडी घेतला नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्या आदल्या वर्षी अशाच एका रात्री घेतला होता.

मंजुरी आली ८ वाजून १० मिनिटांनी. चूक सापडली त्यापुढच्या १२ मिनिटांत.

ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये मेनफ्रेम सपोर्टला असलेल्या माझ्या बॅचच्या बहुतेक मुलामुलींकडून सध्या हेच ऐकू येतं. काल हातात असलेलं टूल आज गायब. कारण विचारलं की उत्तर एकच, "कम्प्लायन्स." ही टूल्स सगळ्यांच्या हातात नकोत, हे मला पटतं. ज्या पद्धतीने ती काढली जातायत ती मात्र पटत नाही.

डंपमध्ये असतं तरी काय?

आधी मेनफ्रेमबद्दल. फोन वापरताना तुम्हाला तो कधी दिसत नाही. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ला सिस्टम/३६० जाहीर केला, तेव्हापासूनचं हे घराणं आजही चालू आहे. यातलं सगळ्यात नवं यंत्र, झेड-१७, एप्रिल २०२५ मध्ये आलं. आपल्याकडच्या बहुतेक बँकांचं कामकाज दुसऱ्या प्रकारच्या मोठ्या सर्व्हरवर चालतं. अमेरिका-युरोपातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि एअरलाइन्स मात्र अजून मेनफ्रेमवर आहेत, आणि ते सांभाळणाऱ्यांत हिंजवडीत बसलेली, विदर्भातून गेलेली बरीच पोरंपोरी आहेत. मला पहिल्याच दिवशी मेनफ्रेम मिळाला तेव्हा मी जवळजवळ रडलो होतो. सगळे मित्र ॲप बनवणार आणि मी कोबोल लिहिणार! असो.

आता डंप. प्रोग्राम कोसळतो त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे काही असेल त्याची जशीच्या तशी प्रत काढली जाते, ती म्हणजे डंप. तुमच्या फोनवर एखादं ॲप बंद पडलं की "रिपोर्ट पाठवायचा का?" असं येतं ना, त्याचाच हा थोरला भाऊ. अडचण अशी की मेमरीत फक्त प्रोग्राम नसतो. तो ज्या ग्राहकाचं रेकॉर्ड हाताळत होता त्याचं नाव, खाते क्रमांक, शिल्लक, कधी जन्मतारीख, हे सगळं तिथे उघडं पडलेलं असतं. डेटाबेसमध्ये तो डेटा एन्क्रिप्ट करून ठेवला असला तरी हिशेब करण्यासाठी प्रोग्रामला तो मोकळा करावाच लागतो. म्हणजे जो माझ्यासारखा कर्मचारी डेटाबेसला हातही लावू शकत नाही, त्याच्यासमोर डंपच्या रूपात तोच डेटा येतो. पुढच्या दाराला कुलूप आहे, पण न्हाणीघराची खिडकी सताड उघडी.

डंपमध्ये नको ते सापडू शकतं, ही भीती कल्पनेतली नाही. २०२३ मध्ये हॅकर्सनी मायक्रोसॉफ्टची एक साइनिंग की वापरून अमेरिकी सरकारी खात्यांचे ईमेल वाचले. ती की २०२१च्या एका क्रॅश डंपमधून डिबगिंगच्या नेटवर्कवर आली असावी, असं कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तिनेच दुरुस्ती केली, की ती की असलेला डंप काही आम्हाला सापडलेला नाही. त्यामुळे नेमकं काय झालं हे ठामपणे सांगता येत नाही. पण एवढ्या मोठ्या कंपनीला पहिला संशय डंपचा आला, हे लक्षात घ्या.

हीच गोष्ट आपल्या गल्लीत आणून बघू. राजकमल चौकाजवळच्या एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात मी बॅटरी बदलायला गेलो होतो. काउंटरवर आठ-दहा फोन ओळीने ठेवलेले, प्रत्येकाच्या पाठीवर टेप, आणि टेपवर पेनने लिहिलेला पिन. दुकानदार भला माणूस असेलही. पण फोन चालतो का ते "चेक" करायला जो पिन लागतो, त्याच पिनने तुमची गॅलरीही उघडते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम लॉगिंग लावलेले लॅपटॉप १६ दुकानांत दुरुस्तीला दिले. ६ ठिकाणी तंत्रज्ञांनी खाजगी फाइल्स उघडून बघितल्या आणि २ ठिकाणी चक्क कॉपी केल्या. यावर उपाय म्हणून सॅमसंगने २०२२ मध्ये मेंटेनन्स मोड आणला आणि गुगलने डिसेंबर २०२३ मध्ये पिक्सेलसाठी रिपेअर मोड. फोन चालू असतो, स्पीकर, स्क्रीन, कॅमेरा तपासता येतात, पण तुमचा डेटा दिसत नाही. तुमच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय आहे का ते आजच बघून ठेवा. दुकानात उभं राहून शोधत बसाल तर मागचा माणूस वैतागेल.

मेनफ्रेमवरही आयबीएमने याच विचाराची सोय २०१९च्या झेड-१५ यंत्रापासून दिली आहे. मेमरीचा कुठला भाग संवेदनशील आहे यावर आधीच खूण करून ठेवायची, आणि डंप बाहेर पाठवण्याआधी तेवढा भाग काळा करायचा. सोय चांगली आहे, पण ती लावायला वेळ आणि माणसं लागतात. परवानगी काढून टाकायला एक ओळीची कमांड पुरते.

सुपरझॅपची गोष्ट

डंप फक्त दाखवतो. मेनफ्रेमवर याहून जहाल एक औषध आहे. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला सुपरझॅप म्हणतात. डिस्कवरचा डेटा किंवा तयार प्रोग्राम थेट बाइटच्या पातळीवर बघायचा आणि बदलायचा, हे त्याचं काम. इमर्जन्सीत ते लाख मोलाचं. पण बँकेच्या प्रोग्राममधून शिल्लक बदलली तर व्यवहाराची नोंद होते, आणि सुपरझॅपने थेट फाइलमधला आकडा बदलला तर बँकेच्या वहीत ओळही उमटत नाही.

कॉम्प्युटर गुन्ह्यांचे अभ्यासक डॉन पार्कर यांनी न्यू जर्सीतल्या एका बँकेचं प्रकरण नोंदवून ठेवलंय. तिथला कॉम्प्युटर ऑपरेशन्सचा मॅनेजर सुपरझॅप वापरून ग्राहकांच्या शिल्लकांमधल्या चुका दुरुस्त करायचा. चोरून नाही बरं का, वरिष्ठांच्या सांगण्यावरूनच. कारण बँकेने कॉम्प्युटर बदलताना जुन्या खाते-प्रणालीकडे दुर्लक्ष केलं होतं, ती चुकांनी भरली होती, आणि चूक दुरुस्त करायचा नेहमीचा मार्ग नीट चालतच नव्हता. रोज हेच करता करता त्याच्या लक्षात आलं, की अरे, हे तर किती सोपं आहे. मग त्याने तीन मित्रांच्या खात्यांत पैसे वळवले. नुकसान १ लाख २८ हजार डॉलर. पकडलं कोणी? ऑडिटने नाही, सिस्टमने नाही. एका ग्राहकाला आपल्या खात्यात पैसे कमी दिसले, त्याने तक्रार केली.

ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट "टूल लॉक करा" एवढं शिकवायला सांगतात. मला ती थोडी वेगळी दिसते. सुपरझॅप रोजच्या वापरात आलं कशामुळे? सरळ रस्ता बंद होता म्हणून. आणीबाणीचं हत्यार तिथे भाजी चिरायच्या सुरीसारखं झालं होतं.

आज मेनफ्रेमवर रॅकएफसारखं सुरक्षा सॉफ्टवेअर असतं. कुठलं टूल कोणी चालवायचं, कुठली फाइल कोणी उघडायची, याचे नियम त्यात लिहिता येतात आणि वापराची नोंदही होते. म्हणजे कुलूप लावण्याचं तंत्र नवीन नाही. मग आत्ताच एवढी घाई का?

कायदा काय म्हणतो

एक कारण म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. तो २०२३ मध्ये झाला, पण त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. डेटाची "वाजवी सुरक्षा" ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा ऐकला की कुठल्याही मॅनेजरच्या पोटात गोळा येणारच.

इथे एक बारकावा आहे, जो माझ्यासारख्यांसाठी महत्त्वाचा. आम्ही ज्यांचा डेटा सांभाळतो ते लोक भारतात राहत नाहीत. अशा परदेशी कंत्राटी कामाला कायद्याच्या कलम १७ने बऱ्याच बंधनांतून सूट दिली आहे. पण सुरक्षेच्या जबाबदारीतून दिलेली नाही. म्हणजे लंडनच्या ग्राहकाचा डेटा पुण्यातून फुटला तरी "आमचा तो ग्राहकच नव्हे" असं म्हणून सुटता येणार नाही.

आणि नियम ६ मागतो काय? एन्क्रिप्शन किंवा मास्किंगसारखे उपाय, ॲक्सेसवर नियंत्रण, कोणी काय बघितलं याचे लॉग, त्या लॉगची तपासणी, आणि ते लॉग वर्षभर जपून ठेवणं. "कर्मचाऱ्याला टूल देऊ नका" असं त्यात कुठेही नाही. त्यातल्या सगळ्यात स्वस्त भागाची अंमलबजावणी आधी होतेय, एवढंच.

दुसरं कारण म्हणजे आतल्या माणसांकडून झालेली फूट. पुण्याला हे जुनं दुखणं आहे. २००५ मध्ये एम्फसिसच्या बीपीओतल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचे पिन गोड बोलून काढून घेतले आणि साधारण साडेतीन लाख डॉलर वळवले. बीपीओच्या फ्लोअरवर पेन, कागद, मोबाईल नेऊ देत नाहीत, ती शिस्त अशाच प्रकरणांनंतर कडक होत गेली. आणि ताजं उदाहरण हवं तर मे २०२५ मध्ये कॉइनबेसने सांगितलं, की परदेशातल्या सपोर्ट कर्मचाऱ्यांना लाच देऊन ६९,४६१ ग्राहकांची माहिती काढण्यात आली. रॉयटर्सच्या बातमीनुसार त्यातला एक धागा इंदूरपर्यंत जात होता, तिथली एक कर्मचारी कामाच्या स्क्रीनचे स्वतःच्या फोनने फोटो काढताना सापडली होती. इंदूर आम्हाला पुण्यापेक्षा जवळ. ही बातमी आली त्या आठवड्यात बाबांनी मला जेवताना विचारलं, "तुह्याकडंही असं सगळं दिसते का रे?" दिसायचं. मी "नाही" म्हणालो.

म्हणून मी या निर्बंधांच्या विरोधात नाही. माझा पगार महिना लाखात नाही, आणि मला कोणी पैसे देऊ केले नाहीत. पण टीममधल्या तीस जणांपैकी प्रत्येकाला नेहमीच मोह टाळता येईल, यावर कोणत्या ग्राहकाने विसंबावं?

कुलूप आणि उसनी किल्ली

आता परत माझ्या अकोल्याच्या मित्राकडे. त्या पहाटे कागदोपत्री सगळं चोख होतं. डंपचा ॲक्सेस फक्त मंजुरीने, मंजुरी देणारा एकच, ऑडिटमध्ये हिरवी टिक. आणि प्रत्यक्षात चॅटवर पासवर्ड देऊ केला जात होता. तो मी वापरला असता तर लॉगमध्ये त्याचं नाव लागलं असतं, माझं नाही. म्हणजे निर्बंध येण्याआधी निदान खरं नाव तरी नोंदलं जायचं. निर्बंधानंतर नोंदच खोटी होण्याची वेळ आली. आदल्या वर्षी मी आयडी घेतला तेव्हाचा लॉग कुठेतरी पडलेला असेल, आणि त्यात एका माणसाने न केलेलं काम त्याच्या नावावर आहे. त्या डंपमधून काही बाहेर गेलं असतं तर पोलीस त्याच्या घरी गेले असते. हे मला तेव्हा सुचलंही नाही.

नोंद एकीकडे आणि काम दुसरीकडे झालं की काय होतं, याचं आपल्या राज्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पंजाब नॅशनल बँकेची मुंबईतली ब्रॅडी हाऊस शाखा. तिथे मेनफ्रेम नव्हता, डायग्नोस्टिक टूलही नव्हतं. पण दुखणं त्याच जातीचं. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्टवरून जात होते आणि बँकेच्या कोअर बँकिंग सिस्टममध्ये त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही सिस्टम एकमेकांना जोडलेल्या नव्हत्या. १४ फेब्रुवारी २०१८ला बँकेने आकडा जाहीर केला तो सुमारे ११,४०० कोटींचा, पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला. रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं, की ऑगस्ट २०१६पासून आम्ही बँकांना याबाबत किमान तीनदा सावध केलं होतं. सूचना होती, नियम होता. पण जिथे तपासणारे बघत होते तिथे काही दिसत नव्हतं, आणि जिथे दिसलं असतं तिथे कोणी बघत नव्हतं.

मग करायचं काय? मेनफ्रेमच्या जगात याचं उत्तर बरंच जुनं आहे, त्याला फायरकॉल आयडी म्हणतात. आगीच्या वेळी काच फोडून बंब काढतात तसा हा आयडी. एरवी बंद. जॉब पडला की ऑन-कॉल माणूस तिकिटाचा नंबर टाकून तो स्वतःच्या नावावर उघडतो, कोणाला झोपेतून उठवायची गरज नाही. ठराविक वेळाने तो आपोआप बंद होतो, पासवर्ड बदलतो, आणि कुठल्या फाइल उघडल्या, काय बघितलं याचा सगळा हिशेब दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माणसाकडे जातो. परवानगी आधी नाही, पण जाब नंतर नक्की. बहुतेक मोठ्या कंपन्यांना ही पद्धत माहीत आहे. तिच्यात खर्च आहे तो रोज सकाळी तो हिशेब वाचणाऱ्या माणसाचा, आणि कपात पहिल्यांदा त्याच माणसावर येते. लॉग साठवून ठेवणं म्हणजे लॉग वाचणं नव्हे, पण ऑडिटच्या फॉर्मवर दोन्हीला एकच चौकोन असतो.

फ्रेशर्सचं दुखणं आणखी वेगळं आहे. मी डंप वाचायला शिकलो ते सीनिअरच्या शेजारी बसून, खरे डंप बघून. आज नव्या मुलांना टूलच दिसत नाही. त्यांच्यासाठी मास्क केलेल्या डेटाचे सरावाचे डंप तयार करणं अवघड नाही, पण ते कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. सीनिअर मंडळी निवृत्त होतायत. पाच वर्षांनी फायरकॉल आयडी असेल, पण तो उघडून काय बघायचं हे माहीत असलेला माणूस असेल का, कोण जाणे.

तुमच्या फोनपुरतं बोलायचं तर दुरुस्तीवाल्याशिवाय आणखी एक जण "चेक करतो" म्हणून आत येऊ बघतो, तो म्हणजे केवायसीच्या नावाने फोन करून स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावणारा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल इशारा दिला होता. ते ॲप स्वतः वाईट नाही, आमच्या ऑफिसचा आयटी सपोर्ट दूरवरून लॅपटॉप दुरुस्त करायला तसलंच ॲप वापरतो. पण तिथे मी तिकीट टाकलेलं असतं, समोरच्याचं नाव मला माहीत असतं आणि काम झालं की कनेक्शन तोडणं माझ्या हातात असतं. फोनवरच्या अनोळखी माणसाकडे यातलं काहीच नसतं.

आमच्या टीमला त्या पहाटेनंतर तीन महिने भांडून दोन फायरकॉल आयडी मिळाले. मागच्या महिन्यात मी त्यातला एक पहिल्यांदा वापरला. पुन्हा सॉक-सेव्हनच. जॉब २५ मिनिटांत परत चालू झाला आणि मी झोपलो. सकाळी मेल आला होता: अमुक वाजून अमुक मिनिटांनी तुम्ही दुसरी एक फाइल उघडली, तिचा या तिकिटाशी संबंध काय? संबंध होता, पण तो पटवून द्यायला मला जॉब दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. अकोल्याच्या मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. तो म्हणाला, "बरं झालं बाप्पा, त्या दिवशी माहा नाही घेतला."